सिलिंडरची बारावी चाचणी

घरचा गॅस सिलिंडर एकट्याने कसा बदलावा हे शिकवणारी वेबसाइट स्वरदाने चार महिन्यांत बांधली. कंपनी वेलचेरीतली, सहा माणसांची. काम एका गॅस एजन्सीचं. पानावर मजकूर नावापुरता. चित्रातल्या सिलिंडरवर बोट ठेवून रेग्युलेटर बंद करायचा, त्याची काळी कडी वर ओढून तो काढायचा, नव्या सिलिंडरच्या तोंडात रबरी वॉशर आहे का पाहायचं. एक पायरी बरोबर झाल्याशिवाय पुढची उघडत नसे. चित्रावर जमलं की तेच खऱ्या सिलिंडरवर.

चाचणीचा तिचा नियम एकच. समोरचा अडला तरी आपण बोलायचं नाही. बोललो तर वेबसाइट नापास. ऑफिसच्या पँट्रीत अकरा जणांनी सिलिंडर बदलला आणि अकराही वेळा ती गप्प राहिली. सोमवारी वेबसाइट सुरू व्हायची होती. तिची नोकरी कायम होणं त्यावरच होतं. तरी शुक्रवारी ती म्हणाली, "एक चाचणी खऱ्या घरात हवी."

"अकरा पास झालेत की," मालक प्राणेश म्हणाला.

"पँट्रीत कुणी राहत नाही, सर."

प्राणेश तंजावरकडच्या मराठी घरातला. त्याने तांबरमला एकट्या राहणाऱ्या आपल्या आत्याचं, विशालाक्षींचं नाव दिलं. निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट. सिलिंडर त्यांनी कधी बदलला नव्हता.

शनिवारी सकाळी स्वरदा पोचली. "बसा आजी," ती म्हणाली.

"आजी कुणाला म्हणतेस गे? अख्खं तांबरम टीचर म्हणतं."

टीचरनी चित्रावर एकही चूक केली नाही. मग खरं काम. पहिली पायरी होती, 'स्वयंपाकघरातली सगळी आग बंद करा.' त्यांनी शेगडीची बटणं दोनदा तपासली, काडेपेटी बाहेर ठेवली आणि खाली वाकल्या. सिलिंडरपासून तीन हातांवर, कोपऱ्यातल्या देवांपुढे समई तेवत होती. स्वरदा वाट पाहत राहिली. टीचरची बोटं काळ्या कडीवर गेली.

"थांबा!"

"अय्यो! काय चुकलं?"

"समई."

"तो देवाचा दिवा. त्याला आग कोण म्हणतं?"

"गॅसला ते कळत नाही, टीचर."

टीचर हसल्या. "बरोबर आहे तुझं. पण लावलेला दिवा मी फुंकणार नाही. शेजारची सरोजाही नाही."

स्वरदाने तिथूनच आधीच्या अकरा जणांना फोन केले. सात जणांचे देव स्वयंपाकघरात होते. त्यांतल्या एकालाही दिवा आठवला नसता. मग तिने प्राणेशला कळवलं, "सोमवारी जमणार नाही."

"एजन्सी चिडेल. दिवा विझवा अशी एक ओळ घाल ना!"

"वाचतील आणि पुढे जातील."

"माझी आत्या पण?"

"सगळ्यात आधी त्याच."

टीचर ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "फुंकायचा नाही. पण ताटात घेऊन हॉलमध्ये नेला तर देव काही रागावत नाहीत."

स्वरदाने तीन दिवसांत पहिली पायरी मोडून नव्याने बांधली. आता आधी एक स्वयंपाकघर दिसे आणि जळणाऱ्या प्रत्येक वस्तूवर बोट ठेवावं लागे: शेगडी, उदबत्ती, समई. समई ताटात उचलून दुसऱ्या खोलीत सरकवल्याशिवाय रेग्युलेटरची पायरी उघडतच नसे. एका वाक्याने भागलं असतं असं म्हणणाऱ्यांनी ते पान एकदा वापरून पाहावं.

बुधवारी टीचरनी चित्रातली समई हलवली, मग खरी. नवा सिलिंडर लावला. जोडावर साबणाचं पाणी सोडून चष्म्याआडून निरखत बसल्या. एकही बुडबुडा आला नाही. बारा मिनिटं स्वरदाने तोंड उघडलं नाही.

गुरुवारी वेबसाइट सुरू झाली. दुपारी प्राणेशने तिच्या हातात नोकरी कायम झाल्याचं पत्र ठेवलं. त्यावर तारीख वेबसाइट सुरू न झालेल्या सोमवारची होती.