आतला खिसा

"चारच सेकंद राहिलेत, भावोजी. आता शिट्टी जरा आवरा," मी म्हणालो.

टाइमआउट चालू होता आणि भावोजी पाणी प्यायला माझ्या टेबलाशी आले होते. मुलींच्या बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याचे ते मुख्य पंच आणि मी वेळ बघणारा. घड्याळ नि भोंगा माझ्या ताब्यात. वीस वर्षं आमची ही जोडी. माझी बहीण त्यांच्या घरात, त्यामुळे त्यांना चार गोष्टी सुनावायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

"पहिल्या मिनिटाला जो फाऊल, तो शेवटच्या सेकंदालाही फाऊल," भावोजी म्हणाले. "दूध सकाळी नासलं काय नि संध्याकाळी नासलं काय. नासलं ते नासलं."

"गेल्या वर्षीपण हेच म्हणालात. मग काय झालं?"

झालं असं, की त्यांनी अंतिम सामन्यात शेवटच्या सेकंदाला यजमान संघावर फाऊल दिला. धडधडीत फाऊल होता. पण लोकांनी बाटल्या फेकल्या, त्यांच्या स्कूटरची सीट फाडली आणि संघटनेनं त्यांना वर्षभर शाळकरी पोरांच्या सामन्यांवर पाठवलं. दिवसभर वीज कार्यालयात मीटर तपासायचे आणि संध्याकाळी चिल्ल्यापिल्ल्यांपुढे शिट्टी वाजवायची. ताई तोंडावर म्हणायची, "गाजराची पुंगी निदान मोडून खाता तरी येते. तुमच्या शिट्टीचं काय करायचं?"

"संघटनेचा अध्यक्ष पहिल्या रांगेत बसलाय," मी आवाज खाली घेतला. "पंचांच्या राष्ट्रीय पॅनेलची यादी तोच करणार. तुमचं एकोणपन्नासावं चालू. पन्नाशीला दार बंद. निकाल काय तो पोरींना लावू द्या, तुम्ही नुसते उभे राहा."

भावोजींनी ग्लास खाली ठेवला, शिट्टी नेहमीसारखी दातांत धरली आणि मैदानात गेले. मी नजर घड्याळावर लावली.

पाहुण्या पोरी एका गुणानं मागे होत्या. चेंडू जाणार कुणाकडे, तर नऊ नंबरकडे. लहान चणीची, चपळ पोरगी. तिची आई आमच्या संघटनेचे ब्लेझर शिवते, त्यामुळे आम्ही तिला फ्रॉकात असल्यापासून ओळखतो. आज जिंकलं असतं तर मोठ्या कंपनीच्या संघात तिची निवड नक्की होती, नोकरीसकट. भावोजी पंच असले की ती खूश असायची. "हे सर असले की दांडगाई चालत नाही," म्हणायची.

दोघींना चुकवून तिनं उडी घेतली. यजमानांची धिप्पाड पोरगी खालून तिच्या पायांत घुसली. हवेतल्या खेळाडूच्या खाली शिरायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. चेंडू कडीवर आपटून बाहेर गेला. नऊ नंबर एका पायावर वेडीवाकडी आली आणि गुडघ्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत पोचला. मग माझा भोंगा वाजला. शिट्टी वाजलीच नाही.

पोरगी रडली नाही. पडल्या जागेवरून भावोजींकडे बघत राहिली. त्यांनी हात करून सामना संपल्याची खूण केली.

गुणपत्रिकेवर मुख्य पंचाची सही झाली की सामना बंद, मग वरून देव उतरला तरी निकाल बदलत नाही. भावोजींनी सही केली. मी मुद्दाम बघितलं, सही नेहमीसारखीच ठसठशीत होती. अध्यक्षानं त्यांच्या पाठीवर थाप मारली, "आज खरे पंच शोभलात!" मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

आठवड्याभरात यादी लागली. भावोजींचं नाव होतं. ताईनं सगळ्या बिल्डिंगला सांगितलं.

पॅनेलवरच्या पंचाला ब्लेझर लागतो. भावोजी म्हणाले, दुसरीकडे शिवू. पण संघटनेचं कापड नऊ नंबरच्या आईकडेच, टेलरबाईकडेच पडलेलं. "माप द्यायला जायचंय, फासावर नाही," म्हणत मी त्यांना ओढून नेलं.

दुकानात पोरगी प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवून बटणं लावत बसली होती. टेलरबाईनं भावोजींच्या छातीभोवती टेप गुंडाळली.

"डॉक्टर म्हणतात चालेल, पण उडी विसरा. कंपनीनं दुसरी पोरगी घेतली," ती म्हणाली. "त्याचं एवढं नाही हो. पण हिचे कोचच म्हणतात, कसला फाऊल, तूच धडपडलीस. तेव्हापासून ही जेवत नाही धड. माझंच चुकलं का, एवढंच विचारते. तुम्ही सांगा, सर. तुमचा शब्द आम्हाला पुरे. होता का फाऊल?"

आम्ही चौघंच होतो. 'होता' म्हटल्यानं निकाल फिरणार नव्हता की पॅनेल जाणार नव्हतं. एवढा स्वस्त खरेपणा त्यांना जन्मात मिळाला नसेल.

"नव्हता," भावोजी म्हणाले.

"बघ!" टेलरबाई लेकीकडे वळली. "सर कधी खोटं बोलत नाहीत. तुझंच चुकलं, बाई. सोड आता तो विषय." मग पुन्हा टेप धरून म्हणाली, "श्वास सोडा, सर. माप चुकतंय."

आठ दिवसांनी ब्लेझर आणायला गेलो. टेलरबाई मशीनवर होती. पोरीनं शेवटच्या बटणाचा दोरा दातानं तोडला आणि ब्लेझर भावोजींपुढे धरला.

"आतून डावीकडे एक खिसा जास्तीचा केलाय, सर. शिट्टीसाठी."

"खिसा कशाला?" मी हसून म्हणालो. "सरांची शिट्टी सामनाभर दातांत असते."

"तेव्हा नव्हती," ती म्हणाली. "चेंडू माझ्याकडे यायच्या आधीच सरांनी ती काढून मुठीत धरली होती. मी बघितलं. मला वाटलं, दम घेतायत."

ती रागानं बोलली नाही. बटणांचा डबा बंद करून तिनं बाजूला ठेवला.

मी घड्याळ बघत होतो, म्हणून मला हे माहीत नव्हतं. मी भावोजींकडे बघितलं. ते ब्लेझर अंगात घालत होते. दुसरं काय करायचं ते त्यांना सुचलं नसावं. खांद्यात अगदी बरोबर बसला होता.

मशीन थांबलं होतं. गिऱ्हाइकानं कपडा घालून बघितला की टेलरबाई उठून स्वतः कॉलर सरळ करते. वीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही. ती बसूनच राहिली. कॉलर मागून दुमडलेली होती, ती मीच सरळ केली.