चार साक्षी

पडताळ्याचा भागाकार संपवून हिशेबाचं मशीन थांबलं. व्हर्ना स्कोग्मोनं बोट भागाकाराची बाकी दाखवणाऱ्या खिडकीवर ठेवलं होतं. तिथे सगळ्या चाकांवर शून्यं होती.

प्रोफेसर टोलेफसननी चष्मा पुसला. शून्यं पुसली गेली नाहीत.

मिनेसोटातल्या या लहान कॉलेजात गेली अकरा वर्षं प्रोफेसर संख्या निवडत आणि व्हर्ना त्या मशीनवर दळत असे. ४६४०५२३०५१६१ ही त्या दळणाची अखेर. एक आणि ती स्वतः, यांखेरीज तिला कशानंच भाग जात नाही, असं त्यांच्या कोष्टकाची शेवटची ओळ सांगत होती. कोष्टकाची प्रुफं उद्याच्या टपालानं छापखान्याकडे परत जायची होती. शनिवारी प्रोफेसरांच्या निवृत्तीचं जेवण होतं. बेकरीवाल्यानं केकवर हेच बारा अंक काढायचं कबूल केलं होतं.

"भाजक केवढा?"

"चार हजार दोनशे एकसष्ट."

"आणि आपण थांबलो होतो कुठे?"

"चार हजारांवर. तुम्हीच म्हणालात, पुरे व्हर्ना, आता साक्षी काढू."

साक्षी म्हणजे दोन, तीन, पाच आणि सात. संख्या मूळ असेल, तर तिच्याहून एकनं कमी इतका यांचा घात करावा, तिनंच भागावं, आणि बाकी एक उरावी. चौघांचीही बाकी एकच आली होती. पण फुटक्या असूनही अखंडाचं सोंग हुबेहूब वठवणाऱ्या काही विरळ संख्या असतात. प्रोफेसर हे दरवर्षी वर्गात हसत सांगत.

"माझे वडील तळ्यावर गाडी घालण्याआधी बर्फाला भोकं पाडून जाडी मोजायचे," व्हर्ना म्हणाली. "चार भोकांवर थांबणाऱ्याला विचारायचे, पोहता येतं ना रे?"

"शंभर साक्षी काढायला हवे होते."

"शंभरही हेच बोलले असते. खोटं कुणीच बोललं नाही, प्रोफेसर. आपण विचारलं भलतंच."

"उरलेलं फोडलंस?"

"आठ हजार पाचशे एकवीस. बारा हजार सातशे एक्क्याऐंशी."

त्यांनी तिन्ही भाजक एकाखाली एक लिहिले, प्रत्येकातून एक वजा केला. पहिल्याच्या दुप्पट दुसरा, तिप्पट तिसरा. आणि मूळ संख्येचं ढोंग करणाऱ्या त्या संख्येतून एक काढला, की उरलेल्याला या तिघांनीही नेमका भाग जात होता. फसवणुकीच्या पोटात इतकी निर्दोष लय. क्षणभर ते जवळजवळ सुखी झाले. मग शनिवार आठवला.

"व्हर्ना, पहिल्या पानावर माझ्या नावाशेजारी जागा आहे," ते पेन्सिलीकडे पाहत म्हणाले. "तुझं नाव तिथे खरं तर कधीच यायला हवं होतं. उद्या टपाल निघण्याआधी घालता येईल. ती शेवटची ओळ मात्र... आहे तशी राहू द्यायची का?"

व्हर्नानं मशीनवर खोळ चढवली, चारही कोपरे नीट खाली ओढले. खुंटीवरचा कोट घेतला, खुर्चीवर बसून बुटांवरचे रबरी बूट चढवले. मग दार उघडून, मागे न पाहता, ती बर्फात चालू लागली.