प्रचारकबुवांची कुत्र्याची गोष्ट

नाताळ जवळ आला होता. रविवारची उपासना आटोपली, जेवणं झाली आणि नाशिकच्या शरणपुरात विमलाबाईंच्या ओसरीवर नेहमीची माणसं जमली. विमलाबाईंचे यजमान चर्चचे पाळक होते. ते जाऊन बरीच वर्षं लोटली, पण त्यांनी पाडलेला पायंडा बाईंनी मोडला नव्हता. रविवारी दुपारी सतरंजी अंथरायची आणि ज्याला जशी सुचेल तशी गोष्ट सांगायची. आधी हसवणारी, मग देवाची आठवण करून देणारी. कोणी ओझरच्या कारखान्यातली फजिती सांगे, कोणी दुखण्यातून उठल्याची साक्ष देई. पण सगळे वाट बघत ती सहादू प्रचारकांची.

सहादूकाकांचं उभं आयुष्य सुरगाण्याकडच्या डोंगरात पायी हिंडून शुभवर्तमान सांगण्यात गेलं होतं. माणसांच्याच काय, बकरीच्या नकलासुद्धा ते अशा करत की पोरंबाळं हसून लोळायची.

लता त्या दिवशी भिंतीला टेकून बसली होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, आठवडाभर रात्रपाळी करून डोळे चुरचुरत होते. तरी एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. काका आल्यापासून उजवा हात मांडीवर घासत होते.

"हाताला काय झालं, काका?"

"काही नाही गं. मुंग्या येतात. गारठ्यानं असेल." आणि ते सतरंजीच्या मध्ये येऊन बसले. "आज कुत्र्याची गोष्ट."

सुरगाण्याच्या पलीकडं एका पाड्यावर पुंजा नावाचा शेतकरी होता. त्याच्या घरी काकांनी प्रार्थना ठेवली होती. बायबलातलं वचन सुरू झालं आणि एक कुत्रं झोकांड्या देत दारातून आत आलं.

"मी म्हटलं, मुकं जनावरसुद्धा देवाचं ऐकायला आलं. बसू द्या त्याला. मग म्हटलं, प्रार्थना करू, डोळे मिटा. सगळ्यांनी मिटले. कुत्र्यानं तेवढे मिटले नाहीत."

ओसरी हसली.

"आमेनच्या आधीच कोणीतरी माझा हात धरला. मला वाटलं, कुणा भावाला गहिवर आला. मीही घट्ट धरला."

हशा मावेना. पुंजानं लाथ घातली, तर कुत्र्यानं त्याची पोटरी धरली. पुंजा कंदिलासकट माळ्यावर चढला, प्रचारकबुवा भाताच्या कणगीत शिरले. "आणि वरून पुंजा म्हणतो, बाबा, आमेन म्हन ना बिगीबिगी, मंग तो जाईल."

विमलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. लता मात्र हसली नाही.

"त्या कुत्र्याचं पुढं काय झालं, काका?"

"मेलं. दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी पडलेलं दिसलं. पुंजा म्हणाला, वचन पचलं नाही त्याला."

पुन्हा हशा. लतानं जपून विचारलं, "कधीची गोष्ट ही?"

"भातकापणीतली. हळद-चुना लावला, प्रार्थना केली, प्रभूनं राखलं. जखम कशी छान भरून आली बघ." त्यांनी हात पुढं केला. पांढुरक्या व्रणाभोवतीची कातडी खाजवून लाल झाली होती.

इतक्यात चहा आला. काकांनी कप ओठांना लावला आणि त्यांचा गळा असा आवळला की चहा अंगावर सांडला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा तसंच झालं. लोकांना वाटलं, नक्कल चाललीय. "हुबेहूब कुत्रंच," कोणीतरी म्हणालं. काका हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. विमलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्याकडं नजर जाताच त्यांनी मान फिरवली.

लतानं असा माणूस एकदा वॉर्डात पाहिला होता. पिसाळलेल्या कुत्र्याचं विष अंगात भिनलं की पाणी सोसत नाही, पुढं वाराही सोसत नाही, आणि मग कुठल्याच डॉक्टरच्या हातात काही उरत नाही. ती उठली, काकांना परसदारी घेऊन गेली. तिला बोलायचं होतं एक, तोंडातून निघालं दुसरंच.

"पुंजानं दवाखान्यात दाखवलं होतं का?"

"डोंगरात कुठला आलाय दवाखाना?" काका तिच्याकडं बघत राहिले. "माझं नाही विचारलंस. पुंजाचं विचारलंस."

लतानं त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला.

"म्हणजे त्याला अजून वेळ आहे."

"आहे, काका. लगेच आणला तर. पोटात इंजेक्शनं घ्यावी लागतील."

काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि उपरण्याची घडी करून बगलेत दाबून धरली. "माझा कप वेगळा ठेवायला सांग. आणि जाशील तेव्हा त्याला सुईचं सांगू नको. सुईला भितो तो. सहादूनं बोलावलंय म्हण, म्हणजे येईल."

ओसरीवरून हाक आली, "काका, देवाची गोष्ट राहिली."

ते गेले. दारातून वाऱ्याची झुळूक आली तशी त्यांची मान ताठ झाली, पण त्यांनी स्वतःला सावरलं. गोष्ट सांगितली नाही. एवढंच म्हणाले, "आज पुंजासाठी प्रार्थना करा." सगळ्यांनी डोळे मिटले. लतानं मिटले नाहीत. काकांचे ओठ हलत होते आणि गळ्याची शीर उडत होती.

दिवेलागणीच्या आत तिनं त्यांना दवाखान्यात नेलं. सकाळच्या पहिल्या गाडीनं ती सुरगाण्याला निघाली, तिथून जीप, पुढं ओढा ओलांडून पायी. पुंजा खळ्यावर होता. पोटरी दाखवत म्हणाला, "भरलं की हे, बाई. नाय येत मी."

"सहादूबाबांनी बोलावलंय."

त्यानं हातातलं सूप खाली ठेवलं आणि अंगात सदरा चढवला.

ते नाशिकला पोचले तेव्हा दवाखान्याच्या फाटकात विमलाबाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून लताला कळायचं ते कळलं. पुंजा विचारत होता, "बाबा कोठं हाय?"

"आधी इकडं चल," लता म्हणाली. बाकावर बसवून तिनं स्वतः त्याचा सदरा वर धरला. सुई निघाल्यावरच तिनं त्याला बाबा गेल्याचं सांगितलं.

पुंजानं सदरा खाली ओढला. मग म्हणाला, "तेला ठावं होतं?"

"हो."

"नि मला बोलावलं."

इंजेक्शनं संपेपर्यंत तो विमलाबाईंच्या घरी राहिला आणि मग डोंगरात परत गेला. पण हे विष महिनोन् महिने दबा धरून बसतं, हे लताला ठाऊक होतं. सुरगाण्याकडचा कोणी रोगी वॉर्डात आला की ती आधी त्याचा पाडा विचारी, मग पुंजाची खबर. उन्हाळा गेला, पाऊस गेला. भातं पुन्हा पिवळी पडली, पुंजा शेतात राबतोय असं त्याच्याच पाड्यावरच्या एका बाळंतिणीच्या सासूनं सांगितलं, तेव्हा कुठं तिनं विचारणं थांबवलं.