थैलीची गाठ

अकोल्याच्या जुन्या शहरात, मुख्य रस्त्यावर दोर-सुतळीचं दुकान असलं की गिऱ्हाइकापेक्षा थैल्याच जास्त येतात. खेड्यातून बाजाराला आलेली बाई एसटीतून उतरली की आधी आपली थैली ओळखीच्या दुकानात टेकवणार, दिवसभर मोकळ्या हातानं हिंडणार आणि परतीच्या गाडीआधी उचलून नेणार. ललिताच्या सासऱ्यांनी, श्रावणजींनी, ही पद्धत पाडली आणि सोबत नेमही घालून दिला. कोण, कुठली, हे विचारायचं नाही. थैलीची गाठ सोडायची नाही. सासरे गेले, नेम राहिला. ललिताला त्याचा अभिमान होता, थोडी घमेंडच म्हणा ना.

आता रस्ता रुंद होणार होता. एका अंगाची सगळी दुकानं जाणार आणि मागे काचेचं बाजार संकुल उठणार, असा चित्रासकट फलक लागला होता. चित्रात झाडं होती, गोऱ्यापान बाया होत्या, थैलीवालं मात्र कोणी नव्हतं. ललिताचा नवरा अनुप त्या फलकाकडे पाठ करूनच बसायचा. शेजारची दुकानं रिकामी झाली, पत्रे उतरले, आणि जन्म जिथे गेला तो रस्ता ललिताला ओळखू येईना.

नेमकी अशा वेळी एक थैली मागे राहिली.

ती चष्म्याला काडीऐवजी सुतळी बांधलेल्या म्हातारीची होती. दर बाजाराला यायची. तिचे गुडघे, सुनेचा कजाग स्वभाव, मेलेली म्हैस, सगळं ललिताला तोंडपाठ. "येतो वं संध्याकाळी," म्हणून गेली, ती पुढचा बाजार उलटला तरी आली नाही.

"कोनत्या गावची हाये थे?" अनुपनं विचारलं.

"मालूम नाही."

"नाव?"

"विचारलं नाही कधी."

"वा रे वा! म्हशीचं नाव मालूम असन, मानसाचं नाही." त्यानं कपाळावर हात मारला. "परवा पाडाची मशीन येऊन राहिली. सोड थे गाठ. आत काही तरी पत्ता लागन."

"बाबा नाही म्हनत होते."

"बाबाचं दुकानच जाऊन राहिलं. आता कायचा नेम वं?"

ललिताला राग आला. दुसऱ्या दिवशी सामान हलवताना तिला थैलीवर मुंग्या दिसल्या, भिंतीपासून थेट थैलीपर्यंत रांग. मग तिचा धीर सुटला. माणूस शोधायचं आहे, वस्तू वाचवायची आहे, अशी मनाची समजूत घालत तिनं गाठ सोडली.

वर डिंकाचे लाडू होते, मुंग्यांनी पोखरलेले. खाली बाळाची कुंची, टोपडं आणि जुन्या लुगड्याची मऊ दुपटी. ललिताला एकदम आठवलं. म्हातारीच्या एका पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं होतं आणि घरानं ती मेली असं धरलं होतं. एकदाच, डोळे पुसत, म्हातारी हे बोलली होती. म्हणजे पोरगी इथेच शहरात होती, बाळंत झाली होती, आणि बाजार आटोपून आई घरच्यांच्या नकळत तिच्याकडे जाणार होती.

पत्ता काही मिळाला नाही. ललितानं लाडू टाकून दिले, कपडे झटकून घडी केले आणि थैली पुन्हा बांधली. हात सुतळीतच मुरलेले. गाठ अशी चोख बसली की पाहत राहावं.

मशीननं दुकान आडवं केलं. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो अनुपनं आधीच घरी नेला होता. माल शहराबाहेरच्या एका गाळ्यात गेला. ललिता मात्र दर बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे थैली मांडीवर घेऊन बसायची. लोक वेडी म्हणायचे. म्हणोत बापडे. म्हातारी येईल, दुकान दिसणार नाही, आणि ती आपल्याला चोर समजेल, ही टोचणी तिला घरी बसू देत नव्हती.

थंडी सरता सरता म्हातारी आली. हातात काठी, खांद्याला दुसरी थैली. विटांच्या ढिगापाशी उभी राहून ती इकडे तिकडे पाहू लागली.

"माय!" ललिता धावतच गेली.

"पाडलं का वं?" म्हातारीनं विटांकडे काठी दाखवली. "बाजारात पडली मी त्या दिवशी, पाय मोडला. गाववाल्याइनं उचलून नेलं. थैलीची फिकर नव्हती मले. म्हनलं, तिथं हाये तं हाये."

खांद्यावरची थैली तिनं नेहमीसारखी ललिताच्या पायाशी टेकवली आणि आपली जुनी थैली हातात घेतली. ती हलकी लागली. तिची बोटं गाठीवर गेली आणि तिथेच थांबली.

"हे तं दुकानाची गाठ हाये. सोडली होती तू?"

"मुंग्या लागल्या होत्या, माय. लाडू खराब..."

"मंग पाहिलं सारं."

ललितानं मान खाली घातली. म्हातारीनं आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून.

"कोनाले सांगू नको, बाई," ती म्हणाली. इतक्या वर्षांत असं सांगायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

मग ती कष्टानं वाकली, ललिताच्या पायाशी ठेवलेली थैली तिनं परत उचलून खांद्याला अडकवली, आणि दोन्ही ओझी घेऊन काठी टेकत बाजाराकडे निघाली.