स्वल्पविराम राहून गेलेलं वाक्य

मी एक इंग्रजी वाक्य बोलत आहे. माझ्या घरात सगळे मराठीच बोलतात. पण काही लिहून घ्यायचं म्हटलं की इंग्रजी लागतं. त्याला वजन असतं म्हणे. म्हणून माझा जन्म.

माझे जन्मदाते निवृत्त हेडक्लार्क. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. मुलगी छापखान्यात मुद्रितशोधक. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक पान मशीनवर चढत नसे. दिवसभर लोकांच्या चुका काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायची. होणाऱ्या सासऱ्यांना दोन्ही खटकलं. लग्नानंतर नोकरी बंद, आणि तसं सहीनिशी लिहून द्यायचं, असं त्यांनी फर्मावलं. तिच्या वडिलांनी मान डोलावली. मोठ्या आवाजापुढे मान डोलावणं हा त्यांचा जुनाच आजार.

तिला मात्र नोकरी हवी होती, आणि हा मुलगाही.

सासऱ्यांनी झोकात मला कागदावर उतरवलं: ‘शी विल नॉट वर्क बिकॉज द एल्डर्स विश इट.’ म्हणजे, मोठ्यांची इच्छा म्हणून ती नोकरी करणार नाही.

मुलानं चाचरत विचारलं, ‘वर्क’नंतर स्वल्पविराम हवा ना?

“चौतीस वर्षं मसुदे लिहिलेत मी. तू मला इंग्रजी शिकवणार?”

झालं. मला एकाच अर्थाला घट्ट बांधणारा तो एक स्वल्पविराम राहूनच गेला.

मुलीनं मला दोनदा वाचलं, गालातल्या गालात हसली आणि सही केली. सासरे खूश. मुलगी वळणाची आहे म्हणाले.

लग्नानंतर दहाव्या दिवशी ती पर्स अडकवून छापखान्यात निघाली. सासऱ्यांनी कपाटातून काढून मला तिच्यासमोर नाचवलं.

“ही सही कुणाची?”

“माझीच, बाबा. आणि मी शब्द पाळतेय. मोठ्यांची इच्छा म्हणून मी नोकरी करणार नाही. माझी इच्छा म्हणून करणार आहे.”

सासऱ्यांनी चष्मा पुसून मला पुन्हा वाचलं. नवरा खिडकीकडे तोंड करून हसू दाबत होता. ती गेलीसुद्धा.

आता मी टेबलावर पडून आहे. सासरे पेन उघडून बसलेत. स्वल्पविराम कुठे घालायचा ते त्यांना कळलंय. पण सहीनंतर खाडाखोड केलेला कागद चालत नाही, हे त्यांनीच जन्मभर लोकांना ऐकवलंय.

मला फाडू नका हो. माझ्यात खोट नाही. ‘नोकरी सोडशील का?’ असं तिलाच सरळ विचारलं असतं, तर तिनं एका शब्दात ‘नाही’ म्हटलं असतं. त्याचे दोन अर्थ होत नाहीत.