दुपारची पाळी

वरून बघितलं की माणसं म्हणजे नुसती डोकी. टकली, विंचरलेली, रुमाल बांधलेली, आणि सगळी एकाच दिशेला वळलेली. आमच्या मागच्या अंगणात पत्र्याचं कुंपण होतं. त्याला टेकून चौथरा, चौथऱ्यावर लाकडी पिंजरा, पिंजऱ्यात एक करडी कबुतरी आणि तिच्या पोटाखाली दोन बोडकी पिलं. आणि शेजारी जिभेला हाड नसलेला एक माणूस.

"बघा मंडळी, नर नाही, जोडीदार नाही. कुलूप कोणी लावलं? या घरच्या मालकांनी. किल्ली कोणाच्या खिशात? मालकांच्याच. तरी अंडी उबली, पिलं बाहेर आली. का? हिनं घरटं सोडलं नाही. दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. एकटी आई म्हणजे काय ताकद, ते हिच्याकडून शिका."

बायका डोळे पुसत होत्या. लोक त्याला पक्षीमहाराज म्हणायचे. मी पिसेबाबा म्हणायचे, तेही मनातल्या मनात, कारण ऐकायला माझ्याजवळ कोणी नव्हतं. मी वरच्या खोलीत होते आणि दाराला बाहेरून कुलूप होतं.

त्याचं असं झालं. माझा नवरा गेला तेव्हा मला सातवा महिना होता. मग जुळी झाली. थोरला जन्मतःच धट्टाकट्टा, धाकटी मात्र मूठभर. डॉक्टरीणबाई घरी येऊन स्पष्ट सांगून गेल्या, "हिला वरचं दूध लागेल, आणि या बाईला मदतीला एक माणूस लागेल. एकटीनं दोन जीव ओढले तर लहान मागे पडेल." मी आधी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. मालकांचा निरोप होता की तुझी जागा ठेवलीय, जमेल तेव्हा ये.

त्या निरोपानंच घात केला. सासूबाई दुष्ट नव्हत्या, हे आधी सांगते. पण मुलगा गेला, आता सून पोरांना घेऊन निघून जाईल, या धास्तीनं त्या पोखरल्या होत्या. अशा घराचा वास पिसेबाबासारख्यांना लांबून येतो. त्यानं अंगणात बस्तान मांडलं आणि सासूबाईंना उपाय सांगितला. पिलांना पंख फुटेपर्यंत आईनं घरटं सोडायचं नाही. वरचं दूध नाही, परका हात नाही. कबुतरीला जमतं, तर बाईला का जमू नये?

झालं. कबुतरीला एक कुलूप आणि मला एक. दोन्ही किल्ल्या सासऱ्यांच्या एकाच दोरीत.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले होते. सरळ माणूस, पण मुलगा गेल्यापासून बोलणंच सोडलेलं. ते ताट आत ठेवायचे, खाली मान घालून कुलूप लावायचे आणि जायचे.

खोली किती लहान असते ते दोन मुलं एकदम रडायला लागली की कळतं. थोरल्याला घेतलं की धाकटी रडायची, आणि धाकटीला घेतलं की थोरला घर डोक्यावर घ्यायचा. मग धाकटी रडेनाशी झाली. लोकांना वाटलं असतं, शहाणं बाळ. मला घाम फुटला. मी दार बडवलं, तर बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या मुक्या जिवाला जमतंय आणि तू शिकलेली असून..." त्याही रडत होत्या. पण कुलूप काही निघालं नाही.

राहता राहिली खिडकी. गज होते, पण उंचीवरून अंगणही दिसायचं आणि कुंपणाची मागची बाजूही. अख्खा गाव पिंजरा फक्त समोरून बघत होता, कुंपणामागचंही बघणारी मी एकटीच. बंदिवासाचा तेवढाच काय तो फायदा.

माझ्या खिडकीत सकाळी एक करडं कबुतर यायचं. मानेनं जाड, चालीत मोठी ऐट. माणसाळलेलं इतकं की हातावरचा पावाचा चुरा खायचं. ऊन तापलं की ते उठायचं, कुंपणाच्या मागे उतरायचं आणि दिसेनासं व्हायचं. त्याच वेळी पिसेबाबा पिंजऱ्यावर समोरून पडदा सोडायचा, "कबुतरीची मौनाची वेळ." आणि जरा वेळानं तसंच दुसरं कबुतर कुंपणामागून निघून समोरच्या टाकीवर जायचं, पाण्यात मनसोक्त डुंबायचं. उन्हं कलली की पुन्हा उलटी अदलाबदल, आणि पडदा वर.

पहिल्यांदा वाटलं, मला भास होतोय. जागरणानं डोकं फिरलं असेल. पण भिंगं घासणारी बाई डोळ्यांवर असा सहज अविश्वास दाखवत नाही. धाकटीच्या तोंडाला छाले आले होते तेव्हाची जांभळ्या औषधाची बाटली फळीवर होती. दुसऱ्या दिवशी पाहुणा हातावर चुरा खात असताना मी कापसाच्या बोळ्यानं त्याची छाती चांगली जांभळी करून टाकली. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला किती दिवसांनी हसू आलं.

दुपारी नाना ताट घेऊन आले. मी म्हटलं, "नाना, एक विचारू? पिंजऱ्याची किल्ली तुमच्याजवळच आहे ना?"

"आहे."

"मग खाली जाऊन आत्ता पडदा उघडा. तुमच्या कुलपातली कबुतरी छातीला जांभळी झालेली असेल. नसली तर मी पुन्हा दार बडवणार नाही."

नानांची नजर धाकटीवर गेली. त्यांनी तिच्या मनगटाला बोट लावलं, आणि ताट तसंच ठेवून खाली गेले. कुलूप मात्र सवयीनं लावलंच.

मी गजांना नाक लावून बघत होते. पिसेबाबा आडवा आला, "मालक, मौन मोडेल, पाप लागेल." नानांनी त्याला बाजूला केलं आणि पडदा वर केला. आत जांभळ्या छातीचं कबुतर पिलांवर बसलं होतं.

मग पिसेबाबानं दोन्ही हात वर केले. "रंग पालटला! मंडळी, आईच्या तपाचा रंग!"

आणि लोकांनी हात जोडले हो. मला वाटलं, आता गज चावून तोडावेत.

मी वरून ओरडले, "नाना, तपाचा नाही, धाकटीच्या औषधाचा रंग आहे तो! कबुतरी टाकीवर आंघोळ करतेय, बघा!"

सगळी डोकी टाकीकडे वळली. करडी कबुतरी पंख झटकत होती.

नाना म्हणाले, "तराजू नेहमी उलटा करून बघायचा, हे मी हाताखालच्या पोरांना शिकवायचो." त्यांनी पिंजरा कुंपणापासून ओढून फिरवला. मागची फळी बोटानं ढकलली तर सरकली. त्यामागे पत्र्याला कबुतर जाईल एवढं भोक.

जांभळा नर हलला नाही. उलट पिलांनी त्याच्या चोचीत चोची घातल्या आणि तो मान हलवत त्यांना भरवू लागला. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, बाप पाजतोय." एवढ्या दिवसांत तिथे बोललं गेलेलं पहिलं खरं वाक्य ते. तोवर पिसेबाबा पिशवी उचलून कोणाच्या लक्षात न येता सटकला होता.

डॉक्टरीणबाईंनी नंतर पुस्तकात बघून नीट समजावलं. जोडीदार नसलेली कबुतरीही अंडी घालते, पण ती फोल असतात, कितीही उबवली तरी पिलं निघत नाहीत. नर-मादी पाळ्या लावून बसतात. दुपार बहुतेक त्याची, बाकी वेळ तिची. आणि पहिले काही दिवस दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत पिलांसाठी दुधासारखं काहीतरी तयार होतं. पिलं निघाल्यावर नर मेला, तर धडधाकट मादी कधीकधी एकटी निभावते. पण बऱ्याचदा त्यातलं एक पिलू दगावतं.

हे ऐकताना सासूबाई धाकटीला छातीशी धरून बसल्या होत्या.

पिंजरा फिरवला त्याच दिवशी नाना वर आले, कुलूप काढलं आणि कोयंड्यासकट उपटून अंगणात फेकलं. मग वरच्या दुधाची वाटी-चमचा घेऊन, पाय पसरून धाकटीला पाजायला बसले. निम्मं दूध त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. ते मान वर न करता म्हणाले, "दुकानात कळव, तू येतेयस म्हणून. दुपारची पाळी माझी."

धाकटी आता भिंत धरून चालते. रडते तर अशी की शेजारी तक्रार करतात.

तुम्हाला एवढंच सांगते. कोणी चमत्कार दाखवला तर कुलूप बघून भुलू नका, पिंजरा फिरवून बघा. आणि कोणी बाई एकटीनं सगळं निभावते म्हणून सगळे टाळ्या वाजवत असतील, तर आधी वर जा आणि तिच्या दाराला बाहेरून कडी आहे का ते बघा.