निळी रंगवलेली टेकडी

"चकती जाड, दिवा मंद, खुर्ची डुगडुगती. या खोलीत माणसाने दगड बघावा तरी कसा?"

दादा माझ्या कोपराला कोपर लावून पुटपुटत होता. खुर्ची माझी, सूक्ष्मदर्शक माझा, आणि दगड घासून घासून केसाहून पातळ केलेली ती काचेवरची चकतीही माझीच. मी भूगर्भशास्त्र शिकले नाही. भावाचे दगड कापता कापता डोळ्यांना कळू लागलं, इतकंच.

आठ दिवस मी आणि भाची त्याच्यापासून एक अख्खी टेकडी लपवत होतो. तीस वर्षांपूर्वी दादाने ती नकाशात निळी रंगवली होती: संगमरवर. यंदा त्याच भागाचा अहवाल त्याच्या लेकीकडे आला, आणि तिने आणलेला तुकडा निघाला कार्बोनटाइट. दिसायला संगमरवराचा सख्खा भाऊ, पण जमिनीखालच्या वितळलेल्या रसातून थिजलेला. अहवाल उद्या जायचा होता आणि दगडाच्या नावाची जागा अजून कोरी होती. "आत्या, बाबांना तू सांग." "बाप तुझा, तू सांग." अशी आमची टोलवाटोलवी.

आणि आज मी वेंधळी, चकती भिंगाखालीच विसरले.

"अजून घासू का?" मी हात पुढे केला.

"थांब गं." त्याने चकती हळूच फिरवली. ॲपेटाइट या खनिजाचे दाणे तांदळासारखे, वितळलेल्या रसाबरोबर वाहत येऊन एका दिशेला निजलेले. मला दिसले, ते त्याला दिसणार नाहीत?

भाची दारातच थबकली होती.

"कुठला तुकडा हे विचारत नाही," तो म्हणाला. "चकतीवरचं तुझ्या आत्याचं अक्षर देवालाही लागायचं नाही. कडेच्या दगडात निळसर शिरा होत्या? रस घुसला की उमटतात तशा?"

"होत्या, बाबा."

"मलाही दिसल्या होत्या. पण ॲसिडचा थेंब टाकला, दगड संगमरवरासारखाच फसफसला, आणि मी पिशवी उचलली. घरी जायची घाई. तू चार दिवसांची होतीस."

"म्हणजे खापर माझ्यावर!"

मला हसू फुटलं, जरा जास्तच. दादाही हसला. मग त्याने खिशातलं पेन तिच्यापुढे धरलं.

"तो संगमरवर नाही. मी चुकलो होतो. लिही."